जनुक सापडलं, मग डोळा दुरुस्त का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ, वय २४. लहानपणापासून अंधार पडला की चाचपडायचा, जिन्यावर ठेचकाळायचा. घरचे त्याला वेंधळा म्हणायचे. आता निदान झालंय, रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी, डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याचा आनुवंशिक आजार. जनुकीय तपासणीत 'यूएसएच२ए' नावाच्या जनुकात दोन बदल सापडलेत. बहीण विचारते: चूक नेमकी कुठे आहे हे कळलंय, तर ती दुरुस्त का करत नाहीत? मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचून नवा पडदा उगवता येत नाही का? एका ठिकाणी पैसे भरले की तसं करून देतो म्हणतात, जावं का? आणि सगळ्यात खाली एकच ओळ, "त्याच्या हातात किती वर्षं आहेत?"

या शेवटच्या ओळीकडे शेवटीच येते. आधी मला काही गोष्टी सांगाव्या लागतील, नाहीतर ते उत्तर अधांतरी राहील.

मी आठवड्यातले चार दिवस प्रयोगशाळेत पडद्याच्या पेशी वाढवते आणि एक दिवस आनुवंशिक नेत्रविकारांच्या ओपीडीत बसते. या दोन खोल्यांमध्ये ये-जा करून मला एक सवय लागली आहे. पडद्याच्या आजारावर काहीही नवीन वाचलं की जनुकाचं नाव मी नंतर बघते. आधी विचारते, हा उपचार कुठल्या पेशीसाठी आहे, आणि ती पेशी माझ्या रुग्णाच्या डोळ्यात अजून जिवंत आहे का? गेल्या वीस वर्षांत जे यशस्वी झालं आणि जे फसलं, ते मला तरी या दोन प्रश्नांनीच नीट समजलं.

नावातला घोळ आधी मिटवू. 'आयटिस' म्हणजे दाह. हेल्महोल्ट्झने १८५१ साली डोळ्याच्या आत डोकावायचं यंत्र जगापुढे आणलं आणि त्यानंतर काही वर्षांतच डच नेत्रतज्ज्ञ दोंदर्स यांनी पडद्यावरचे काळे ठिपके बघून हे नाव रूढ केलं. मूळ दुखणं दाहाचं नाही हे पुढे कळलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ते काळे ठिपकेही आजाराचं कारण नाहीत. प्रकाश टिपणाऱ्या पेशी मेल्यावर त्यांच्या मागच्या थरातल्या रंगीत पेशी रिकाम्या जागेत सरकतात, रक्तवाहिन्यांभोवती गोळा होतात. घर रिकामं झाल्यावरचा पसारा आहे तो. आणि 'आरपी' हा एक आजारही नाही. प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाच्या जनुकातला पहिला दोष १९९० साली सापडला. आज आनुवंशिक पडदाविकारांशी जोडलेल्या जनुकांची यादी अडीचशेच्या वर गेली आहे. इतक्या वेगवेगळ्या वाटांनी शेवटी तेच ठिपके दिसतात.

आता पेशींकडे. पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. दंडपेशी मंद उजेडासाठी, त्या सुमारे ९ कोटी. शंकुपेशी रंग, बारकावे, वाचन आणि चेहरे ओळखणं यांसाठी, त्या फक्त ४५ लाखांच्या आसपास. तुमच्या भावाला आधी अंधारात दिसेनासं झालं याचा अर्थ त्याच्या दंडपेशी आधी आजारी पडल्या.

एक दंडपेशी जवळून बघा. तिच्या टोकाला नळीसारखा भाग असतो आणि त्यात नाण्यांची चळत लावावी तशा शेकडो चकत्या रचलेल्या असतात. चकत्यांवर ऱ्होडॉप्सिन ठासून भरलेलं. प्रकाशाचा एकच कण, एक फोटॉन, आदळला तरी ही पेशी प्रतिसाद देते. बेलर, लँब आणि याऊ यांनी १९७९ साली बेडकाच्या जातकुळीतल्या टोडच्या एकेका दंडपेशीतून तो प्रतिसाद मोजून दाखवला. मला त्याहून नवल वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. ही पेशी अंधारात जास्त राबते. उजेड नसताना तिचे विद्युत दरवाजे उघडे असतात, क्षार आत येत राहतात आणि ते बाहेर उपसत राहावे लागतात. उजेड पडला की दरवाजे मिटतात, तिला जरा उसंत मिळते. शरीरातल्या सगळ्यात खादाड पेशींमध्ये हिचा नंबर लागतो. इतकी ताणलेली यंत्रणा म्हटल्यावर जरासा बिघाडही तिला महागात पडतो.

त्या चकत्या कायमच्या नसतात. रिचर्ड यंग यांनी १९६० च्या दशकात किरणोत्सर्गी अमिनो आम्लं प्राण्यांना देऊन दाखवलं की नव्या चकत्या बुडाशी तयार होतात, वर सरकत जातात आणि टोकाशी पोचलेल्या झडतात. रोज साधारण दहावा हिस्सा. म्हणजे दहाएक दिवसांत नळी पूर्ण नवी. झडलेला माल जातो कुठे? मागच्या रंगीत पेशींच्या पोटात. हा थर, ज्याला आम्ही दिवसभर 'आरपीई' म्हणतो, एकाच पेशीइतका जाड असतो. षटकोनी पेशी, फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. एकेक पेशी तीसेक प्रकाशपेशींचा कचरा रोज गिळते, पचवते, आणि वर त्यांना रक्तातून साखर आणि अ जीवनसत्त्व पुरवते. हे काम जन्मभर चालतं, आणि त्या पेशींची जागा घ्यायला सहसा नवीन पेशी येत नाहीत.

या पेशी बशीत वाढवणं हे माझं रोजचं काम. सुरुवातीला त्या बिनरंगी, लांबुडक्या, कुठल्याही दिसतात. काही आठवडे दिवसाआड अन्नद्रव बदलत राहायचं, आणि मग एखाद्या सकाळी बशीच्या तळाशी चहा सांडल्यासारखा फिकट तपकिरी डाग दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली षटकोन जमायला लागलेले असतात. त्यानंतर थराला फोड येतात, म्हणजे पेशींचा थर प्लास्टिकपासून जागोजाग फुगून उचलला जातो. विद्यार्थिदशेत पहिल्यांदा हे फोड बघितले तेव्हा जंतुसंसर्ग झाला असं समजून मी दोन महिन्यांची मेहनत ब्लीचमध्ये ओतली होती. आमच्या बाईंनी रिकामी बशी बघून कपाळावर हात मारला. फोड येणं हे पेशी उत्तम असल्याचं लक्षण! या पेशी वरचं पाणी उपसून खाली टाकतात. डोळ्यात तेच काम पडद्याला मागे घट्ट बसवून ठेवतं. बशीत खाली प्लास्टिक असल्यामुळे पाण्याला जायला जागा नसते, म्हणून फुगवटा.

हे इतकं तपशिलात सांगितलं कारण आजवरची सगळ्यात गाजलेली जनुकोपचाराची गोष्ट याच थरात घडली.

'आरपीई६५' हे जनुक या रंगीत पेशींमध्ये काम करतं. प्रकाश पडला की ऱ्होडॉप्सिनमधला अ जीवनसत्त्वाचा रेणू वाकड्याचा सरळ होतो. तो पुन्हा वाकवून परत पाठवणारं विकर म्हणजे आरपीई६५. ते नसेल तर प्रकाशपेशी बराच काळ जिवंत असतात, पण त्यांच्या बंदुकीत गोळी नसते. मूल जन्मापासून जवळजवळ अंध, पडद्याची रचना मात्र बरीच शाबूत. दुरुस्तीसाठी याहून सोयीची परिस्थिती मिळणं कठीण. जनुक लहान, नेमकी कुठल्या पेशीत पोचवायचं ते माहीत, आणि जिच्यासाठी हा खटाटोप ती पेशी जागेवर हजर. २००१ साली लान्सलॉट नावाच्या ब्रियार्ड जातीच्या जन्मांध कुत्र्यावर हे जमलं. १९ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या एफडीएने माणसांसाठी लक्सटर्ना या औषधाला परवानगी दिली. त्यामागच्या मुख्य चाचणीत रुग्णांना अडथळ्यांच्या वाटेवरून वेगवेगळ्या उजेडात चालायला लावलं होतं. उपचार मिळालेल्या २० जणांपैकी १३ जण १ लक्स उजेडातही ती वाट पार करू शकले. १ लक्स म्हणजे खोलीतला रात्रीचा मिणमिणता दिवा. उपचार न मिळालेल्यांपैकी एकालाही ते जमलं नाही.

मात्र बातम्यांत क्वचित येणारी बाजूही आहे. याच जनुकाच्या आधीच्या चाचण्यांमधल्या रुग्णांचा काही वर्षं पाठपुरावा करून २०१३ साली दाखवण्यात आलं की दृष्टी सुधारली तरी प्रकाशपेशींची झीज चालूच राहिली होती. ज्या पेशी मरणाच्या उतारावर लागल्या होत्या त्या नुसतं जनुक मिळाल्याने माघारी फिरल्या नाहीत. लवकर उपचार करायला हवा असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

आता तुमच्या भावाचं जनुक. जनुक पोचवायला आपण एएव्ही हा निरुपद्रवी विषाणू टपालवाल्यासारखा वापरतो. त्याच्या पिशवीत डीएनएची सुमारे ४,७०० अक्षरं मावतात. आरपीई६५ त्यात आरामात बसतं. यूएसएच२एचा प्रथिनासाठी लागणारा मजकूरच १५,६०० अक्षरांच्या आसपास आहे. तिप्पटीहून जास्त. चूक कळूनही दुरुस्ती होत नाही याचं पहिलं कारण हे, इतकं साधं आणि इतकं वैतागवाणं. स्टारगार्ट या पडद्याच्याच दुसऱ्या आजाराच्या 'एबीसीए४' जनुकाचीही हीच कथा, तो मजकूर ६,८०० अक्षरांचा. तिथे जनुकाचे दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठवायचे आणि पेशीत जोडायचे असे प्रयत्न चालू आहेत. भावाच्या जनुकाला दोनही पुरत नाहीत.

दुसरं कारण जागेचं. प्रकाशपेशीचा खालचा कारखाना आणि वरची चकत्यांची नळी यांना जोडणारा एक अत्यंत बारीक देठ असतो. वर लागणारं प्रत्येक प्रथिन त्या देठातूनच जातं. यूएसएच२एपासून तयार होणारं अशरिन हे प्रथिन त्या देठाच्या बुडाशी असतं. आतल्या कानातल्या केसपेशींच्या घडणीतही तेच लागतं. म्हणून या जनुकाच्या काही रुग्णांना जन्मापासून कमी ऐकू येतं, काहींचं फक्त दृष्टीवर निभावतं. भावाची श्रवणतपासणी झाली नसेल तर या महिन्यातच करून घ्या. कित्येक जण वर्गात ऐकू न येण्याचं खापर मागच्या बाकावर फोडत मोठे झालेले असतात.

मग वाट काय? दुरुस्तीऐवजी कात्री. यूएसएच२एमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या बदलांपैकी दोन १३ व्या एक्झॉनमध्ये आहेत. एक्झॉन म्हणजे प्रथिनाच्या मजकुरातला एक परिच्छेद समजा. हा परिच्छेद ६४२ अक्षरांचा. पेशी तीन-तीन अक्षरांनी वाचते, ६४२ ला तीनने भाग जातो, म्हणून तो अख्खा गाळला तरी पुढचा मजकूर बिघडत नाही. प्रथिन थोडं आखूड होतं, पण बऱ्यापैकी काम करेल अशी आशा असते. पेशीला हा परिच्छेद ओलांडायला लावणारे छोटे आरएनएचे तुकडे डोळ्यात इंजेक्शनने देण्याच्या चाचण्या चालू आहेत. तेव्हा अहवालात दोन बदलांपैकी एखादा 'सी.२२९९डेलजी' किंवा '२२७६' आकड्याचा आहे का ते बघा. असेल तर ती ओळ जपून ठेवा. नसेल तर या विशिष्ट औषधाचा भावाला उपयोग नाही, बातमी कितीही मोठी आली तरी.

जनुकसंपादनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. मार्च २०२० मध्ये माणसाच्या शरीराच्या आत थेट क्रिस्पर हे जनुकसंपादनाचं तंत्र वापरण्याचा पहिला प्रयोग डोळ्यातच झाला, 'सीईपी२९०' या जनुकासाठी. १४ जणांना तो उपचार दिला, ११ जणांमध्ये कुठल्या ना कुठल्या मोजमापात सुधारणा दिसली. कंपनीने मात्र रुग्णसंख्या फार तोकडी म्हणून पुढचं काम थांबवलं. विज्ञान जमलं, हिशेब जमला नाही. ओपीडीत बसून ही गोष्ट समजावून सांगणं मला कुठल्याही रेणूपेक्षा अवघड जातं.

आता मूळपेशी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमच्याच क्षेत्राने इथे दहा वर्षं स्वतःची गोड फसवणूक करून घेतली.

२००६ साली आंधळ्या उंदरांच्या पडद्यामागे कोवळ्या दंडपेशी सोडल्या तर त्या पडद्यात शिरून जागा घेतात असा शोध प्रसिद्ध झाला. सोडलेल्या पेशींना हिरवं चमकणारं प्रथिन दिलेलं होतं, आणि काही आठवड्यांनी पडद्यात ऐटीत उभ्या असलेल्या हिरव्या दंडपेशी दिसल्या. ती चित्रं बघून माझ्या पिढीतल्या कित्येकांनी याच विषयात उडी घेतली, मीही घेतली. २०१६ मध्ये तीन-चार गटांनी साधा प्रश्न विचारला: या हिरव्या पेशी नक्की बाहेरून आलेल्याच आहेत का? सोडलेल्या पेशी आणि यजमान पेशी यांच्या केंद्रकांना वेगवेगळ्या खुणा करून बघितलं. बहुतेक हिरव्या पेशी उंदराच्या स्वतःच्याच निघाल्या. बाहेरच्या पेशींनी मागे बसूनच आपली प्रथिनं आणि आरएनए शेजारणींना देऊ केली होती, हिरवा रंग त्यातूनच पोचला होता. जागा घेणं झालंच नव्हतं, उसनवारी झाली होती. ज्या दिवशी तो निबंध आमच्या गटाने वाचला त्या दिवशी कुणी जेवायलाही उठलं नाही. मी माझ्या जुन्या स्लाइड काढून बसले, आणि खरं सांगायचं तर त्या प्रत्येक चित्राकडे आता दोन्ही अर्थांनी बघता येत होतं.

तरी त्यातून हाती काही लागलं. एक, पेशी एकमेकींना अशा वस्तू देऊ शकतात हे कळलं, आणि त्याचा उपचार म्हणून वापर करता येईल का हा नवा प्रश्न उभा राहिला. दोन, नवी प्रकाशपेशी बसवणं किती कठीण आहे हे उमजलं. तिला नुसतं जिवंत राहून भागत नाही. संदेश पुढे नेणाऱ्या खालच्या द्विध्रुवी पेशीशी नेमकी जोडणी, वर आरपीईशी घसट, आणि शेजारी सगळ्या एका दिशेला तोंड करून उभ्या, हे सगळं एकदम हवं.

आरपीईचं तसं नाही. तिला मेंदूशी तार जोडायची नसते. म्हणून माणसांवरचं काम तिथे पुढे गेलं. यामानाका यांनी २००६-०७ मध्ये साध्या पेशींना मूळपेशींच्या अवस्थेत परत नेण्याची कृती शोधली. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने २०१४ साली जपानमध्ये एका सत्तरीच्या बाईंना त्यांच्याच त्वचेपासून बनवलेल्या आरपीईचा तुकडा डोळ्यात बसवला. त्यांना आरपी नव्हता, वयोमानाने होणारा मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाचा, आजार होता. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींमध्ये जनुकीय बदल आढळले तेव्हा त्या गटाने शस्त्रक्रिया थांबवली. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत आश्वासक वाटतं ते हे थांबणं.

आणि म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, जाऊ नका. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी डोळ्यात सोडल्या तर त्या प्रकाशपेशी होत नाहीत. त्या काय होतात हे त्या सोडणाऱ्यालाही माहीत नसतं. २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीन वृद्ध बायकांची नोंद आली. पैसे घेऊन हे इंजेक्शन देणाऱ्या एका क्लिनिकमध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी पेशी टोचल्या होत्या. तिघींचीही दृष्टी गंभीररीत्या गेली. त्या तिघी चालत, बघत तिथे गेल्या होत्या. ओळखायची खूण सांगते. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, पहिल्या टप्प्यात एकाच डोळ्याला हात लावतात, आणि तुमचं जनुक कुठलं हे आधी विचारतात. "सगळ्या प्रकारच्या आरपीवर चालतं" हे वाक्य पैसे मागणाऱ्याकडून ऐकलं की उठावं.

प्रकाशपेशी पूर्ण संपल्यावरही एक दार उरतं. आतल्या थरातल्या गँग्लिऑन पेशी, ज्यांच्या तंतूंनी दृष्टिचेता बनते, बराच काळ तग धरतात. त्यांनाच शैवालाकडून घेतलेलं प्रकाशसंवेदी प्रथिन बनवायला शिकवायचं, ही कल्पना. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाच्या नोंदीत, आरपीमुळे अंध झालेल्या ५८ वर्षांच्या गृहस्थांना विशेष चष्मा लावून टेबलावरची वही शोधता, हाताने गाठता आली. याला वाचणं म्हणत नाहीत, चेहरा ओळखणं तर नाहीच. पण काहीच नव्हतं तिथे वही आली. या उपायाला कुठलं जनुक बिघडलंय याच्याशी देणंघेणं नाही, ही त्याची मोठी सोय.

आता मला सगळ्यात जास्त छळणारं कोडं. आरपीच्या कित्येक प्रकारांत बिघडलेलं जनुक फक्त दंडपेशी वापरतात. शंकुपेशींमध्ये तो दोष काहीच करत नाही. मग दंडपेशी गेल्यानंतर काही वर्षांनी शंकुपेशी का मरतात? माणूस खऱ्या अर्थाने अंध होतो तो या दुसऱ्या मरणाने. दंडपेशी नसतानाही उजेडात वाचता येतं, चेहरे दिसतात. दंडपेशी शंकुपेशींना जगवणारं एक प्रथिन सोडतात असं साहेल आणि लेव्हियार यांच्या गटाने २००४ साली दाखवलं. दुसरं स्पष्टीकरण प्राणवायूचं. दंडपेशी त्याच्या बकासुर गिऱ्हाईक. त्या गेल्या की मागून येणारा पुरवठा तसाच राहतो आणि उरलेल्या शंकुपेशी जादा प्राणवायूने अक्षरशः गंजतात. तिसरं उपासमारीचं, की साखर पोचवण्याची साखळीच कोलमडते. मला वाटतं तिन्ही खरी असणार, कमीजास्त प्रमाणात. यातून निघालेला एन-ॲसिटिलसिस्टीन या जुन्या, स्वस्त औषधाचा प्रयोग मोठ्या चाचणीपर्यंत पोचला आहे. निकाल येईपर्यंत दुकानातून आणून सुरू करू नका. पण जनुक न दुरुस्त करताही शंकुपेशी वाचवता आल्या तर अडीचशे जनुकांसाठी अडीचशे औषधं लागणार नाहीत, म्हणून माझी स्वतःची पैज यावर आहे.

आज हातात काय आहे ते भराभर सांगते. आरपीत पडद्याच्या मध्यभागी पाणी साचू शकतं, आणि ते गोळ्यांनी किंवा थेंबांनी बऱ्याचदा उतरतं. तरुण वयातच मोतीबिंदू होतो, तो काढला की फरक पडतो. "आजारच आहे, दृष्टी जाणारच" म्हणून या दोन दुरुस्त होणाऱ्या गोष्टी वर्षानुवर्षं तशाच राहिलेले रुग्ण मी बघते तेव्हा चिडचिड होते. अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस आपणहून देऊ नका. १९९३ च्या चाचणीमुळे ते लोकप्रिय झाले. पुढे त्याच माहितीची पुन्हा छाननी झाली तेव्हा फायदा टिकला नाही, आणि एबीसीए४च्या रुग्णांना तर ते घातक ठरू शकतात. आईवडिलांची तपासणी करून दोन बदल एकेक बाजूने आलेत याची खात्री करून घ्या. दोन्ही एकाच बाजूने आले असतील तर निदानच पुन्हा तपासावं लागतं. तुम्ही स्वतः निरोगी असाल तर एक सदोष प्रत बाळगण्याची तुमची शक्यता तीनात दोन आहे. त्याने तुमच्या डोळ्यांना काही होत नाही, आणि जोडीदारात त्याच जनुकाचा दोष नसेल तर मुलांनाही आजार होत नाही.

आता ती शेवटची ओळ. भावाच्या ओसीटी तपासणीचं चित्र मागवून घ्या. पडद्याच्या थरांच्या पट्ट्या दिसतील. खालच्या बाजूला एक ठळक पांढरी रेघ असते, मध्यभागी सलग आणि दोन्ही कडांना अचानक विरलेली. ती रेघ आहे तिथवर प्रकाशपेशींची रचना शाबूत आहे, विरते तिथे गेली आहे. तिची रुंदी मायक्रॉनमध्ये मोजता येते. एका चित्रावरून कुणीही वर्षं सांगू शकत नाही, मीही नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. वर्षाच्या अंतराने काढलेल्या दोन-तीन चित्रांवरून उताराचा अंदाज येतो, तो माणसागणिक वेगळा असतो आणि यूएसएच२एमध्ये बऱ्याचदा सावकाश असतो. त्यासाठी पुढच्या वर्षी त्याच प्रकारच्या मशीनवर, त्याच जागचा छेद हवा. म्हणून यंदाच्या तपासणीचा छापील फोटो घेऊन थांबू नका. मूळ फाइल मागा, पेनड्राइव्हवर घ्या, आणि तारीख घालून ठेवा.